‘थांब’ न म्हणणाऱ्या घरातली मारेकरीण

मी एक जुनी मारेकरी पेशी आहे. मित्रांनो, पहिल्याच वाक्याला असे मागे सरकू नका. हे नाव मी माझ्या हौसेने ठेवून घेतलेलं नाही. आमच्या काही चुलत बहिणी रक्तातून गस्त घालत फिरतात आणि एखादी पेशी रोगट दिसली की विचारपूस न करता तिला जागच्या जागी संपवतात. त्यांचा तो धडाका पाहून शहाण्या माणसांनी आमच्या आख्ख्या घराण्यालाच ‘नैसर्गिक मारेकरी’ हे नाव देऊन टाकलं. त्यात मीही आले. मी तर जन्मात कधी मुंगीलासुद्धा दुखवलेलं नाही. आता मुंगी माझ्यापेक्षा कितीतरी मोठी असते ही गोष्ट वेगळी, पण मला काय म्हणायचं आहे ते तुम्हाला कळलं असेल.

माझं घर दूर उत्तरेकडे, नारिनच्या डोंगरातल्या एका गावात, बेर्मेत नावाच्या एका तरुण बाईच्या पोटात आहे. पोटात म्हणजे चहा आणि पाव जातो तिथे नव्हे. त्याच्या खाली बाळासाठी एक राखीव खोली असते, तिला गर्भाशय म्हणतात. तुमच्यापैकी प्रत्येक जण अशा एका खोलीत राहून आलेला आहे आणि निघताना कोणाचा धड निरोपही न घेता नुसता भोकाड पसरून निघालेला आहे. तुम्हाला आठवत नसेल. आम्हाला आठवतं.

मला डोळे नाहीत, पण बातम्यांची कमतरता कधी पडली नाही. एक तर पोटाच्या भिंती पातळ असतात. दुसरं म्हणजे रक्त. गावच्या नळावर जमलेल्या बायका आणि रक्त यांत मला काही फरक दिसत नाही. बेर्मेत घाबरली की रक्त धावत येऊन सांगतं, तिने गोड खाल्लं की सांगतं, सासूचं बोलणं मनाला लागलं तर तेही सांगतं, जरा तिखटमीठ लावून. आणि बेर्मेत घाबरायची फार. चांगली कॉलेजात शिकलेली मुलगी, पण ताप मोजायची तर तीन वेळा मोजायची, आणि तिन्ही वेळा सारखा आला तर ताप मोजायची नळीच बिघडली असेल म्हणून शेजारून दुसरी मागून आणायची.

तिच्या घाबरण्याला कारण होतं. आमचं काम असं असतं: दर महिन्याला खोलीत मऊ गादी घालायची, पाहुण्याची वाट बघायची, पाहुणा आला नाही की गादी गुंडाळायची. गादीबरोबर आमच्यातल्या बहुतेक जणीही जातात. गेल्या वर्षी एक पाहुणा आला होता. आम्ही कामाला लागलो होतो. तिसऱ्या महिन्यात तो काही न सांगता परत गेला. मी तेव्हा अगदी खालच्या थरात होते म्हणून राहिले. त्याबद्दल घरात पुन्हा कोणी बोललं नाही. पण बेर्मेतचा हात अधूनमधून पोटावर यायचा, रिकामी खोली पुन्हा पुन्हा उघडून बघावी तसा.

आता या घरातल्या एका शब्दाची गंमत आधी सांगते, कारण पुढे सगळं त्या शब्दावरच येऊन अडलं.

बेर्मेतच्या सासऱ्यांचं नाव होतं तोक्तोसुन. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून त्यांच्या आईने ते नाव ठेवलं. ‘तोक्तो’ म्हणजे थांब, आणि ‘तोक्तोसुन’ म्हणजे हा थांबो, राहो. ते राहिले, चांगले म्हातारे होईपर्यंत राहिले, आणि आता भिंतीवर पांढऱ्या टोपीतल्या फोटोत आहेत. पण या मुलखात सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं. नाव तर सोडाच, नावात असलेला शब्दही तोंडातून जाता कामा नये. बायकोनेही नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. त्यामुळे त्या घरातल्या दोन्ही बायकांना, म्हणजे बेर्मेतला आणि तिच्या सासूला, उल्कान आपांना, ‘थांब’ हा साधा शब्द म्हणता येत नसे.

उल्कान आपांनी त्या शब्दावाचून अख्खा संसार केला. बेर्मेत अजून शिकत होती. बाजाराच्या गाडीत बसली की गाव जवळ आल्यावर ती ड्रायव्हरला म्हणायची, “दादा, इथे जरा दम घ्या.” ड्रायव्हर म्हणायचा, मला दम लागलेला नाही. मग पुढच्या गावाहून चालत परत यायचं. त्यांची तारगिल नावाची तपकिरी पट्ट्यांची गाय दावं तोडून पळाली, की दोघी जणी तिच्यामागे धावायच्या, ‘उभी राहा’, ‘पुरे झालं’, ‘बाई असं काय करतेस’, असं सगळं म्हणून बघायच्या. पण गायीला कळणारा तेवढा एकच शब्द आणि तोच तोंडात धरलेला. शेवटी उल्कान आपा कुंपणापाशी जाऊन शेजारच्या कुचुकबाय आजोबांना हाक मारायच्या. आजोबा चहाचा पेला खाली न ठेवता आमच्या वतीने ओरडायचे, “तोक्तो!” गाय थांबायची. कुत्री थांबायची. रस्त्याने जाणारा एखादा माणूसही थांबायचा. मग आजोबा म्हणायचे, “उल्कान, माझ्यानंतर तुझ्या गायीचं कसं होणार?” आणि आपा म्हणायच्या, “कुचुकबाय, तुम्हाला न्यायला येणाऱ्यालाही आम्ही थांबवू शकणार नाही, तेव्हा जपून राहा.”

तर अशा घरात वसंतात पुन्हा पाहुणा आला.

नवी सून घरात येते तेव्हा काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. सगळं घर तिला न्याहाळतं. ही अर्धी आपली, अर्धी परकी. बाळाच्या बाजूने, त्याला पोसणाऱ्या वारेच्या पेशी आमच्या गादीत मुळं रोवायला येतात, त्यांचंही तसंच असतं. त्यांच्या अंगावर अर्धी खूण आईची असते आणि अर्धी बापाची. बेर्मेतचा नवरा टिलेक घरी येऊन पुन्हा दूर रशियात इमारतींना रंग द्यायला गेला होता, आणि त्याच्या घराण्याच्या खुणा मिरवत ही मंडळी आमच्या दारात उभी. माझ्या चुलत बहिणी असत्या तर त्यांनी ‘परका, मारा’ म्हणून गलका केला असता. आम्ही हात पुढे केला. त्यांच्या हाताशी आमचा हात जुळला की आम्हाला ओळख पटते: हा चोर नाही, हा सोयरा आहे. मग आम्ही सासूसारखं थोडं तोंड वाकडं करतो आणि कामाला लागतो.

काम म्हणजे पाटाचं. आईच्या रक्तवाहिन्या सुरुवातीला चिंचोळ्या आणि पिळलेल्या असतात. त्यातून बाळापर्यंत पाणी पोचायचं कसं? आम्ही त्यांच्या भिंती सैल करतो, बाळाकडच्या पेशी आत शिरून त्या रुंद करतात, आणि मग त्यातून रक्त कसं संथ, भरपूर वाहू लागतं. गावात उन्हाळ्याआधी सगळे मिळून पाट साफ करतात ना, तसंच. फरक इतकाच, की पाट साफ करणाऱ्याला लोक चहा देतात आणि आम्हाला मारेकरी म्हणतात.

त्याच सुमारास बेर्मेतने फोनवर आमच्याबद्दल वाचलं. तिथे लिहिलं होतं की गर्भाशयात मारेकरी पेशी मोठ्या संख्येने असतात. पुढे आणखी बरंच लिहिलं होतं, पण ते तिने वाचलं नाही. तिचं काळीज इतक्या जोरात धडधडलं की आमच्याकडे पाटाचं काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्याच दिवशी ती डॉक्टर झियागुल एजेंसमोर जाऊन बसली. एजे म्हणजे ताई. या बाई गावातल्या निम्म्या पोरांना जगात आणलेल्या, आणि उरलेल्या निम्म्यांच्या आयांना रागावलेल्या. बेर्मेत म्हणाली, माझ्या पोटात मारेकरी आहेत, त्यांनीच मागच्या वेळी घात केला असणार, त्यांना मारायचं औषध द्या.

आम्ही सगळ्या जणी श्वास रोखून ऐकत होतो. आमचा जीव त्या बाईंच्या एका चिठ्ठीवर होता.

“तुझ्या शेजारी कोण राहतं?” झियागुल एजेंनी विचारलं.

“कुचुकबाय आजोबा.”

“कुचुक म्हणजे काय?”

“कुत्र्याचं पिल्लू.”

“मग, चावतात का?”

“नाही, एजे. ते जुन्या गोष्टी सांगतात.”

“आईबापांनी नजर लागू नये म्हणून ते नाव ठेवलं, म्हणून काही ते भुंकत नाहीत. ह्यांचंही तसंच धर. ह्या तुझ्या पेशी पाट खणतात, राखण करतात. मागच्या वेळी काय झालं ते मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही, आणि फोनला तर मुळीच माहीत नाही. घरी जा, नीट जेव, दूध उकळून पी.”

मित्रांनो, त्या दिवशी मला प्रथमच कोणीतरी चारचौघांत चांगलं म्हटलं. आम्ही दिवसभर एकमेकींना ‘कुचुक’ अशी हाक मारत होतो.

दूध उकळून पी, हे बेर्मेतला सांगायची गरजच नव्हती. ती दूध असं उकळायची की उल्कान आपा म्हणायच्या, “अगं केलिन, या दुधाने तुझं काय बिघडवलंय, रोज त्याला अशी शिक्षा करतेस?” केलिन म्हणजे सून. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. ही बाई ताकही उकळायला निघाली होती. आपांनी हाताने फिरवायच्या यंत्राने दुधातून साय वेगळी काढली की बेर्मेत म्हणायची, आधी दूध उकळा. आपा म्हणायच्या, उकळलेल्या दुधाची साय म्हणजे धुतलेल्या अत्तरासारखी.

आणि नेमके बेर्मेतला डोहाळे लागले ते त्या कच्च्या सायीचे! इथे तिला कायमाक म्हणतात. साधीसुधी नव्हे, वरच्या कुरणातली, जंगली कांद्याचा आणि गवताचा वास असलेली, लहानपणी आजोळी खाल्लेली. आता सगळ्या गावाला जंतूंवर व्याख्यानं दिल्यावर हे कोणत्या तोंडाने सांगणार? तिने ते गिळलं. पण एक दिवस ती रिकाम्या बरणीत नाक घालून उभी असताना आपांनी पाहिलं.

या मुलखात डोहाळ्यांना जेरिक म्हणतात, आणि जेरिक ही आईची खा-खा नसते, ते बाळाचं मागणं असतं. पुरवलं नाही तर पोराची लाळ जन्मभर गळते. आपांना मागच्या पाहुण्याला काही द्यायला वेळच मिळाला नव्हता. त्यांची बहीण उन्हाळ्यात घोडी आणि गायी घेऊन वरच्या कुरणात राहायची. आपांनी निरोप धाडला, आणि आठवड्याभराने एक घोडेस्वार फडक्यात गुंडाळलेली बरणी देऊन गेला. ती वर कितीतरी दिवस बर्फाच्या ओढ्यात बुडवून ठेवलेली होती. नवी सून म्हणून नव्हे, पोटातल्या बाळाला म्हणून, आपांनी ती गरम पावाबरोबर बेर्मेतपुढे ठेवली आणि समोर बसल्या.

बेर्मेतने विचार केला. ही कच्ची आहे, हे तिला माहीत होतं. पण थंडीत होती ना, थंडीत जंतू मरतात, असं तिने स्वतःलाच समजावलं. शिकलेल्या माणसाला स्वतःला फसवायचं असलं की तो शास्त्राचाच आधार घेतो. मित्रांनो, थंडीत बहुतेक जंतू मरत नाहीत, गोधडी ओढून झोपतात. आणि एक तर असा आहे की थंडीत झोपायचं सोडून हातपाय पसरतो. त्याचं नाव लिस्टेरिया.

तिने बरणी रिकामी केली. बोटही चाटलं. आपा ते बघून इतक्या खूष झाल्या की रात्रीच्या जेवणाआधीच त्यांना पोट भरल्यासारखं वाटलं.

पुष्कळ दिवस काही झालं नाही. पाचवा महिना लागला. बाळ लाथा मारू लागलं. आमची पाटाची कामं संपत आली होती, आमच्यातल्या काही जणी थकून गळूनही गेल्या होत्या, आणि मी जरा पाय पसरून बसले होते. तेवढ्यात वारेच्या एका पेशीच्या आतून खुडबुड ऐकू आली.

हा लिस्टेरिया दिसायला काडीसारखा असतो आणि वागायला निलाजऱ्या पाहुण्यासारखा. तो रस्त्यात उघडा फारसा फिरत नाही, गस्तवाल्यांना सापडेल कसा? तो एका घरात शिरतो, तिथेच खातो, तिथेच पोरं वाढवतो, आणि मग शेपटीने रेटा देऊन भिंतीतून थेट शेजारच्या घरात. असं घराघरांतून तो बाळाच्या दारापर्यंत जातो.

आता माझी पंचाईत बघा. माझ्या पोटात विषाच्या पिशव्या भरलेल्या आहेत, खोटं कशाला बोलू. चुलत बहिणी असत्या तर त्यांनी ती अख्खी पेशीच उडवली असती, चोरासकट घर. पण ही घरं म्हणजे वार. याच भिंतीतून बाळ जेवतं, याच भिंतीतून श्वास घेतं. भिंत पाडली तर चोर मेला आणि बाळही उपाशी मेलं. आणि भिंत तशीच ठेवली तर चोर आत शिरतो. चोर मारायचा, पण वीटही हलू द्यायची नाही.

त्यासाठी आमच्याकडे एक युक्ती आहे, आमची खास घरगुती. आम्ही अंगातून एक अगदी बारीक नळी काढतो, शेवयांहून बारीक, केसाहून कितीतरी बारीक. ती नळी हळूच त्या पेशीच्या अंगात खुपसायची आणि तिच्यातून मोजकंच औषध आत सोडायचं, जे जंतूचं कवच फोडतं, पण घराला धक्का लावत नाही. भूक लागलेल्या सासूने सुनेच्या ताटातून तिला कळू न देता मटणाचा तुकडा उचलावा, इतकं नाजूक काम आहे ते. आम्ही नळ्या लावल्या. एक जंतू मेला, दुसरा मेला. पण तोवर तिसऱ्या घरात आणखी झालेले.

बाहेर बेर्मेतला हुडहुडी भरली, कंबर दुखू लागली. आपांनी तिला मटणाचा गरम रस्सा पाजला, वर गाद्यांच्या चवडीतल्या जेवढ्या रजया हाताला लागल्या तेवढ्या घातल्या. बेर्मेतने ताप मोजला. दुसऱ्या नळीने मोजला. मग शेजारच्या नळीने. मनात कुठेतरी तिला ती बरणी आठवत होती, आणि ती आठवण ती रजईखाली ढकलत होती, कारण ती वर आली असती तर आपांचं नाव तिच्यामागून वर आलं असतं. सकाळी पोट आवळून यायला लागलं. थोड्या थोड्या वेळाने पोट दगडासारखं व्हायचं आणि सुटायचं. तेव्हा मात्र तिने हाक मारली.

कुचुकबाय आजोबांची जुनी गाडी होती, तिच्यावर ते घोड्यासारखं प्रेम करायचे. ब्रेक जरा मनाचे होते. त्यामुळे उतारावर आजोबा पायाने ब्रेक दाबायचे आणि तोंडाने तिची मनधरणी करायचे, “तोक्तो, जानिम, तोक्तो.” जानिम म्हणजे माझा जीव. त्यांनी तो शब्द म्हटला की मागच्या सीटवरच्या दोघी जणी एकदम खिडकीबाहेर बघायच्या, जशी काही गाडीत सासऱ्यांचीच स्वारी बसली आहे. वाटेत मेंढ्यांचा कळप आडवा आला. आजोबा खाली उतरून मेंढपाळाला त्याच्या सात पिढ्यांची नावं ऐकवून आले. मी आत सांगत होते, लवकर करा, लवकर. कोणी ऐकलं नाही. आमचं कोणी ऐकत नाही, हे आमचं जुनंच दुःख आहे.

झियागुल एजेंनी बेर्मेतला झोपवलं, पोटाला हात लावला, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी विचारलं, गेल्या महिन्याभरात कच्चं दूध, साय, चीज, असलं काही खाल्लंस का?

बेर्मेत छताकडे बघत राहिली. खरं सांगावं तर समोर उभ्या असलेल्या सासूच्या तोंडावर सांगावं लागणार: तुम्ही भरवलंत. न सांगावं तर बाळाचा जीव जाणार. रक्ताने ते सगळं माझ्यापर्यंत आणून ओतलं. माणसं कसल्या कसल्या भीतीत राहतात, मित्रांनो. तापाची भीती वेगळी आणि सासूला वाईट वाटेल याची वेगळी, आणि दुसरीच जास्त मोठी.

तेव्हा उल्कान आपा पुढे झाल्या.

“ती नाही सांगायची. माझी अब्रू राखतेय, वेडी. कायमाक खाल्लाय. कच्चा. मी मागवला, मी समोर बसून खाऊ घातला. काय रागवायचं ते मला रागवा, पण पोरीला औषध द्या.”

झियागुल एजे रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “बरं झालं बोललात, आपा. आता कोणतं औषध ते कळलं. नाहीतर मी अंधारात दगड मारत बसले असते.” आणि हाताच्या शिरेतून औषध सुरू झालं.

थोड्या वेळाने ते आमच्यापर्यंत पोचलं. आजवर आम्ही एकट्या लढत होतो, आता बाहेरून कुमक आली. औषध रस्त्यातले जंतू पकडत होतं, आम्ही घरात लपलेले. पण खोलीच्या भिंती मात्र आवळतच होत्या. खोलीला वाटलं होतं की पाहुण्याची जायची वेळ झाली. ती वेळ नव्हती. पाचव्या महिन्यात बाहेर पडून ते बाळ जगलं नसतं.

आपा खाटेशी बसल्या. त्यांनी दोन्ही हात बेर्मेतच्या पोटावर ठेवले. मग त्या वर बघत, जणू फोटो त्या छतातच टांगलेला आहे, हलक्या आवाजात म्हणाल्या, “अहो, आज रागावू नका हं.” आणि खाली वाकून, पोटाला तोंड लावून, लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी तो शब्द उच्चारला.

“तोक्तो.”

इतका मऊ, वापरून न झिजलेला शब्द मी कधी ऐकला नव्हता. आम्ही सगळ्या जणी जागच्या जागी थांबलो. माझी नळी अर्धी आत, अर्धी बाहेर. शेजारची म्हणाली, “अगं कुचुक, तुला नाही सांगितलं, तू काम कर.”

“तूही म्हण,” आपा बेर्मेतला म्हणाल्या. “आई तू आहेस. माझं कोण ऐकतंय, गायसुद्धा ऐकत नाही.”

“आपा, मी कशी म्हणू? बाबांचं...”

“म्हण गं. त्यांच्या आईने हे नाव ठेवलं ते पोर राहावं म्हणूनच ना? मग आज नाही वापरायचं तर कधी?”

बेर्मेतने ओठ उघडले, मिटले. मग म्हणाली, “तोक्तो, बाळा. तोक्तो. जरा थांब.” आणि एकदा म्हणता आल्यावर ती थांबेचना. इतक्या दिवसांचे साठलेले सगळे ‘थांब’ एकापाठोपाठ एक निघाले, गायीचे, गाडीचे, आणि गेल्या वर्षीच्या पाहुण्याला म्हणायचा राहून गेलेलाही.

मी पुन्हा नळी रोवली आणि काम करत राहिले.

संध्याकाळपर्यंत भिंती सैल पडल्या. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. औषध पुढे बरेच दिवस चालू राहिलं. हे कोणामुळे झालं, यावर मात्र आजही एकमत नाही. झियागुल एजे म्हणतात, औषधामुळे, आणि खरं वेळेवर सांगितल्यामुळे. उल्कान आपा म्हणतात, फोटोतल्या त्यांच्या नावामुळे. कुचुकबाय आजोबा म्हणतात, आपल्या गाडीमुळे, आणि शिवाय वाटेत तो शब्द सर्वांत जास्त वेळा कोणी म्हटला ते आठवा. टिलेकने रशियातून फोन करून सगळ्यांचे आभार मानले. आमचं नाव कोणी घेतलं नाही. या घरात नाव न घेणं हाच मान समजतात, अशी मी माझी समजूत घातली.

हिवाळ्यात, दिवस पुरे भरल्यावर, मुलगी झाली. नेहमीप्रमाणे तिनेही आभार मानले नाहीत. वार गेली, गादी गेली, माझ्या बहुतेक मैत्रिणी तिच्याबरोबर गेल्या, ती ‘कुचुक’ म्हणणारीसुद्धा. मी पुन्हा खालच्या थरात राहिले. म्हणतात, एकदा पाहुणा सांभाळलेल्या आमच्यासारख्या म्हाताऱ्या पुढच्या वेळी पाट अधिक चांगला खणतात. असेलही. सध्या मी वाट बघते आणि ऐकते.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाची आई, मावशी, वहिनी पाहुण्याची वाट बघत असेल तर तिचं दूध उकळून द्या, मग डोहाळे कितीही लाडके असोत. सायीचा हट्ट असेल तर उकळलेल्या दुधाची साय द्या, अत्तर धुतलेलं असलं तरी वास येतो. ताप आला तर तो रजईखाली लपवू नका, काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा, मग समोर सासू असो की साक्षात सासरे. आणि कोणाचं नाव वाईट असेल तर ते कामाला कसं आहे ते आधी बघा. माझं तेवढंच मागणं आहे. मारेकरी म्हणा, पण जरा हसून म्हणा.

मुलीचं नाव आपांनी ठेवलं: तोक्तोबुबू. आता दोघी जणींना दिवसातून शंभरदा तो शब्द ओरडावा लागतो, आणि त्या अगदी पोटातून ओरडतात, मला इथे हादरे बसतात. पोरगी नुकतीच चालायला लागली आहे आणि चालायला लागल्यापासून पळतेच आहे. काल ती दार उघडं बघून पाटाकडे निघाली. बेर्मेत मागून ओरडली, “तोक्तो!” कुत्रं थांबलं. तारगिल गाय तोंडातलं गवत तसंच धरून थांबली. कुंपणापलीकडे कुचुकबाय आजोबांचा पेला ओठांशी थांबला.

पोरगी काही थांबली नाही. बेर्मेत हसत तिच्यामागे धावली.